अमेरिकेतील काउंटी आयुक्त मंडळे : लोकांची गाऱ्हाणी आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

'आयुक्त' हा शब्द मराठी वाचकाच्या मनात एक ठरावीक प्रतिमा घेऊन येतो. महसुली विभागाचा आयुक्त असो वा महानगरपालिकेचा, तो शासनाने नेमलेला अधिकारी असतो. लोक त्याच्याकडे निवेदन घेऊन जातात. त्यास निवडून देत नाहीत. पदवी वर्गांना अमेरिकेचा इतिहास शिकविताना 'काउंटी कमिशनर' या पदाचे भाषांतर 'काउंटी आयुक्त' असे केले की विद्यार्थी हीच प्रतिमा तेथे नेऊन बसवितात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. वास्तविक अमेरिकेतील काउंटी आयुक्त हा लोकांनी मतदानाने निवडलेला, बहुधा त्याच परिसरात राहणारा प्रतिनिधी होय. कर किती बसवावा, पूल कोठे बांधावा, तुरुंगाचा खर्च कसा भागवावा याचा निर्णय तो आपल्या दोन-चार सहकाऱ्यांसह घेतो आणि त्याच बैठकीत लोकांची गाऱ्हाणीही ऐकतो. आपल्याकडील जिल्हा परिषदेचा सदस्य त्यास अधिक जवळचा ठरेल. परंतु जिल्हा परिषदेत पन्नास-साठ सदस्य असतात, तर काउंटीच्या मंडळात पुष्कळदा तीन किंवा पाचच असतात. हा संख्येचा फरक वरवर किरकोळ वाटला तरी पुढील विवेचनात त्यास महत्त्व आहे.

काउंटीच्या मंडळाची नियमित बैठक काउंटीच्या मुख्य गावी, सामान्यतः न्यायालयाच्या इमारतीत भरते. आयुक्त आपापल्या भागातील कामांची माहिती देतात. कोणता रस्ता खचला, कोणत्या पुलाचे काम अडले, अग्निशमनाची गाडी केव्हा मिळेल, अंदाजपत्रकात किती तूट आहे, हे विषय तेथे निघतात. त्यानंतर उपस्थित नागरिकांना बोलण्यास काही मिनिटे मिळतात. या साध्या दिसणाऱ्या व्यवहारामागे दीर्घ इतिहास आहे. बैठकीचे दार उघडे असणे आणि बैठकीत आपले म्हणणे वजनदार ठरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि अमेरिकेत दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी अवघड ठरली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी मुख्यतः न्यायालयीन निकालांतील नोंदींचा आधार घेतला आहे. आयुक्त मंडळांची इतिवृत्ते रुक्ष असतात. तक्रार फेटाळली गेली एवढेच त्यांतून कळते, का फेटाळली गेली हे क्वचितच कळते. तक्रार न्यायालयात पोहोचते तेव्हा मात्र दोन्ही बाजूंना कारणे द्यावी लागतात.

काउंटी या संस्थेचा उगम :

काउंटी ही मूळची इंग्लंडमधील संस्था. 'शायर' हा तिचा जुना विभाग आणि 'शेरीफ' हा त्या विभागातील राजाचा अधिकारी. पुढे शांतता न्यायाधीश त्रैमासिक सत्रांत बसून न्यायदानाबरोबरच रस्ते, पूल व दरिद्री लोकांचे साहाय्य ही कामेही पाहू लागले. न्याय आणि प्रशासन यांची ही सरमिसळ वसाहतकऱ्यांबरोबर अमेरिकेत गेली. व्हर्जिनियात इ.स. १६३४ मध्ये आठ शायर स्थापन झाले व तेथे जमीनदार न्यायाधीशांचे काउंटी न्यायालय हेच स्थानिक शासन बनले. मॅसॅच्युसेट्समध्ये इ.स. १६४३ मध्ये चार काउंट्या झाल्या. परंतु तेथे खरी सत्ता नगरसभेकडे राहिली आणि काउंटी दुय्यम ठरली. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक नगराचा एक पर्यवेक्षक काउंटीच्या मंडळावर पाठविण्याची पद्धत रूढ झाली.

पेन्सिल्व्हेनियाने चौथा मार्ग शोधला. विल्यम पेनने इ.स. १६८२ मध्ये फिलाडेल्फिया, बक्स व चेस्टर या तीन काउंट्या निर्माण केल्या. तेथे करआकारणीवर देखरेख करण्यासाठी आयुक्त आले आणि १७२० च्या दशकात ते लोकनिर्वाचित झाले. संपूर्ण काउंटीने मिळून थोडे आयुक्त निवडावयाचे आणि त्यांनी कर व खर्च पाहावयाचा, हा पेन्सिल्व्हेनियाचा नमुना पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतींना सोयीचा वाटला. नगरे विरळ, माणसे पांगलेली, न्यायाधीशपदास लायक जमीनदार थोडे, अशा मुलुखात तीन माणसांचे मंडळ चालविणे सोपे होते. इ.स. १७८७ च्या वायव्य प्रदेश अध्यादेशानंतर, इ.स. १७८८ मध्ये मॅरिएटा येथे मुख्य ठिकाण असलेली वॉशिंग्टन काउंटी निर्माण झाली. ओहायो नदीच्या वायव्येकडील ती पहिली काउंटी. ओहायो इ.स. १८०३ मध्ये राज्य झाल्यावर तेथे निर्वाचित आयुक्त मंडळांची पद्धत रुजली व पुढे मध्यपश्चिमेत पसरली.

नावांचा गोंधळ मात्र कायम राहिला. कॅलिफोर्निया, आयोवा व व्हर्जिनियात 'पर्यवेक्षक', टेक्सासमध्ये 'आयुक्त न्यायालय', केंटकीमध्ये 'राजकोष न्यायालय' अशी एकाच कामाची निरनिराळी नावे आहेत. न्यू जर्सीत तर 'निवडलेले फ्रीहोल्डर' म्हणजे निवडलेले भूधारक असा शब्द दोन शतकांहून अधिक काळ चालला. जमीन नसलेल्यास हे पद मिळत नसे या जुन्या अटीची ती खूण होती, इ.स. २०२० च्या कायद्याने ती पुसली गेली आणि १ जानेवारी २०२१ पासून तेथेही 'आयुक्त' हे नाव आले. लुईझियानातील काउंटीस 'पॅरिश' व अलास्कातील काउंटीस 'बरो' म्हणतात. कनेक्टिकटने इ.स. १९६० मध्ये काउंटी शासन रद्द केले. ऱ्होड आयलंडमध्ये काउंट्या नकाशावर आहेत, त्यांचे शासन नाही. असे असूनही देशात तीन हजारांहून अधिक काउंटी शासने आहेत, म्हणजे अमेरिकेतील बहुसंख्य नागरिक कोणत्या ना कोणत्या आयुक्त मंडळाच्या अधिकारक्षेत्रात राहतात.

पेन्सिल्व्हेनियाच्या इ.स. १८७४ च्या राज्यघटनेतील एक तरतूद येथे आवर्जून नमूद करावीशी वाटते. आयुक्त तीन निवडावयाचे, परंतु प्रत्येक मतदाराने दोघांनाच मत द्यावयाचे. परिणामी बहुमतातील पक्षास तिन्ही जागा घेणे अवघड होते आणि एक जागा अल्पमतातील पक्षाकडे जाते. मंडळात विरोधाचा निदान एक आवाज असावा, हा विचार इतक्या लवकर घटनेत आला होता. इतर राज्यांनी या तरतुदीचे अनुकरण केले असते तर पुढील शतकातील काही खटले कदाचित उद्भवलेच नसते.

कायद्याच्या दृष्टीने काउंटीचे स्थान :

लोकांनी निवडलेले मंडळ असले तरी काउंटी ही लोकांची संस्था आहे काय, याविषयी एकोणिसाव्या शतकातील न्यायालयांचे उत्तर नकारार्थी होते. आयुक्तांच्या हलगर्जीपणाबद्दल काउंटीकडून भरपाई मागण्यात आलेल्या हॅमिल्टन काउंटीच्या प्रकरणात ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १८५७ मध्ये शहर व काउंटी यांच्यात भेद केला. शहर हे रहिवाशांच्या इच्छेने व त्यांच्या सोयीसाठी अस्तित्वात येते. काउंटी मात्र राज्य आपल्या कामासाठी, रहिवाशांची संमती न घेता निर्माण करते, असा त्याचा आशय होता. आयोवाचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी इ.स. १८६८ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार तर स्थानिक संस्थांना राज्याने स्पष्टपणे दिलेले अथवा त्यातून अपरिहार्यपणे निघणारे अधिकारच वापरता येतात. शंका असल्यास निर्णय संस्थेच्या विरुद्ध जातो.

याचा व्यवहारातील परिणाम असा की एखादा शेतकरी आपले गाऱ्हाणे घेऊन आयुक्तांसमोर उभा राहिला, तर 'हे आमच्या अधिकारात नाही' असे उत्तर आयुक्त सहज आणि बऱ्याचदा खरेपणाने देऊ शकत. कॅलिफोर्नियाने इ.स. १९११ मध्ये घटनादुरुस्तीद्वारे काउंट्यांना स्वतःची सनद करण्याची मुभा दिली व लॉस एंजेलिस काउंटीने तिचा लगेच लाभ घेतला. अन्यत्र ही सुधारणा फार संथ गतीने झाली.

मिसूरीतील एक 'न्यायाधीश' :

हेन्री गिल्बर्टसन यांनी इ.स. १९१७ मध्ये काउंटीवर एक ग्रंथ लिहिला व त्याच्या उपशीर्षकात काउंटीस अमेरिकी राजकारणाचे 'अंधारे खंड' म्हटले. आफ्रिकेविषयीची त्या काळातील वसाहतवादी भाषा आज खटकते, परंतु त्यांचा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. शेरीफ, लेखनिक, खजिनदार, करनिर्धारक, मृत्यूचौकशी अधिकारी हे सारे स्वतंत्रपणे निवडून येतात; आयुक्त मंडळाचा त्यांच्यावर अंकुश नसतो; मतदारास यांतील अर्धी नावेही ठाऊक नसतात. त्यामुळे जबाबदार कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहतो आणि पक्षयंत्रणेस मोकळे रान मिळते.

या अंधारात काम करणाऱ्या एका आयुक्ताविषयी आपणास असाधारण तपशिलाने माहिती आहे, कारण तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. हॅरी ट्रुमन इ.स. १९२२ मध्ये मिसूरी राज्यातील जॅक्सन काउंटीच्या 'काउंटी न्यायालया'वर पूर्व विभागाचे न्यायाधीश म्हणून निवडून आले. नाव न्यायालयाचे असले तरी तेथे खटले चालत नसत. ते तीन सदस्यांचे प्रशासकीय मंडळ होते. इ.स. १९२४ मध्ये ट्रुमन पराभूत झाले, इ.स. १९२६ मध्ये प्रमुख न्यायाधीश म्हणून परतले आणि इ.स. १९३४ मध्ये सिनेटवर निवडून येईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यामागे कॅन्सस सिटीतील टॉम पेंडरगास्ट यांची पक्षयंत्रणा होती आणि तिच्या आधाराविना त्यांना ही जागा मिळाली नसती.

काउंटीतील सर्वांत मोठे गाऱ्हाणे रस्त्यांचे होते. आधीच्या मंडळांनी केलेले रस्ते पातळ पापुद्र्याचे असून पावसाळी दिवसांत त्यांवरून मोटार नेणे जिकिरीचे होई. ट्रुमन यांनी दोन अभियंत्यांकडून संपूर्ण काउंटीची पाहणी करून घेतली व रस्त्यांची योजना आखली. योजनेसाठी रोखे काढण्यास मतदारांची संमती आवश्यक होती. करदाते नवे कर्ज मान्य करतील असे यंत्रणेतील जाणत्यांना वाटत नव्हते. ट्रुमन गावोगाव हिंडले. पैसा कोठे जाईल, कोणता रस्ता कोठून निघून कोठे पोहोचेल, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितले आणि काम सर्वांत कमी दराची निविदा देणाऱ्यासच मिळेल असे वचन दिले. इ.स. १९२८ मध्ये मतदारांनी पासष्ट लक्ष डॉलरच्या रस्ते-रोख्यांना मंजुरी दिली. सुमारे २२४ मैलांचे पक्के रस्ते तयार झाले. इ.स. १९३२ मध्ये काउंटीने या नियोजनाच्या फलिताविषयी एक सचित्र पुस्तिका प्रसिद्ध केली. आयुक्ताने मतदारांस दिलेला वृत्तांत म्हणून ही पुस्तिका महत्त्वाचे साधन आहे.

परंतु हे एकच साधन नाही. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी कॅन्सस सिटीतील पिकविक हॉटेलात बसून ट्रुमन यांनी स्वतःपुरती काही टिपणे लिहिली आणि ती आज अभ्यासकांस उपलब्ध आहेत. रोख्यांचा मोठा निधी वाचविण्यासाठी काउंटीच्या सामान्य महसुलातून सुमारे दहा हजार डॉलरचा अपहार आपण होऊ दिला, अशी कबुली त्यांत आहे. आपण योग्य केले की गुन्ह्यास साथ दिली, असा प्रश्न ते स्वतःलाच विचारतात. पुस्तिका व टिपणे शेजारी ठेवली असता असे दिसते की पुस्तिकेत खोटे काही नाही. रस्ते खरोखरच झाले. मात्र त्या रस्त्यांसाठी दिलेली किंमत तिच्यात नाही. मंडळाने लोकांना दिलेला अहवाल कितीही प्रामाणिक असला तरी तो मंडळाने लिहिलेला असतो, ही गोष्ट स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावयास हवी. ट्रुमन यांच्या चरित्रकारांनी या टिपणांवर पुष्कळ लिहिले आहे. परंतु त्यांचा रोख ट्रुमन यांच्या नीतिमत्तेकडे असतो, काउंटीच्या हिशेबाकडे फारसा नसतो.

बंद दारे आणि उघडी दारे :

मंडळांची इतिवृत्ते व मंजूर देयके स्थानिक वृत्तपत्रात छापण्याची कायदेशीर सक्ती अनेक राज्यांत होती व आहे. आयोवासारख्या राज्यात काउंटीची 'अधिकृत वृत्तपत्रे' ठरविली जातात. काउंटीच्या मुख्य गावी निघणाऱ्या साप्ताहिकास या जाहिरातींचा मोठा आधार असे, आणि शेजाऱ्याला खडी वाहण्याचे किती पैसे मिळाले हे वाचकास त्याच पानावर कळे. मात्र छापले जाई ते झालेल्या निर्णयाविषयी. निर्णयापूर्वीची चर्चा पुष्कळदा दुसरीकडे, एखाद्या जेवणाच्या टेबलावर उरकलेली असे.

कॅलिफोर्नियात इ.स. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या दैनिकातील लेखमालेने स्थानिक मंडळांच्या अशा गुप्त बैठकी उघडकीस आणल्या आणि इ.स. १९५३ मध्ये विधानसभा सदस्य राल्फ ब्राउन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. पर्यवेक्षक मंडळांसह सर्व स्थानिक संस्थांच्या बैठकी त्याने खुल्या केल्या. फ्लोरिडाने इ.स. १९६७ मध्ये असाच कायदा केला. तेथे त्यास 'सूर्यप्रकाशातील शासन' असे नाव मिळाले. नागरिकांना बैठकीत बसण्याबरोबरच बोलण्याचाही हक्क असावा, ही तरतूद कॅलिफोर्नियाच्या कायद्यात १९८० च्या दशकात आली. म्हणजे पाहण्याचा अधिकार आणि बोलण्याचा अधिकार यांत जवळजवळ तीन दशकांचे अंतर पडले.

वृत्तपत्रांची बाजू पुढे खचत गेली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या इ.स. २०२३ च्या पाहणीनुसार दोनशेहून अधिक काउंट्यांत स्थानिक बातम्या देणारे एकही माध्यम उरले नव्हते. अशा ठिकाणी बैठक कायद्याने खुली असली तरी तिचा वृत्तांत देण्यास मंडळाखेरीज कोणी राहत नाही.

मिडलँड काउंटी : मताचे वजन :

दार उघडे असूनही मतास वजन नसणे म्हणजे काय, हे टेक्सासमधील मिडलँड काउंटीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. टेक्सासच्या इ.स. १८७६ च्या घटनेनुसार प्रत्येक काउंटीचे चार विभाग करावयाचे, प्रत्येकातून एक आयुक्त निवडावयाचा आणि संपूर्ण काउंटीने निवडलेला काउंटी न्यायाधीश अध्यक्षस्थानी बसवावयाचा. मिडलँडमध्ये तेलामुळे शहर वाढले, विभागांच्या सीमा मात्र तशाच राहिल्या. इ.स. १९६३ च्या अंदाजानुसार जवळजवळ सारे शहर सामावणाऱ्या विभागाची लोकसंख्या ६७,९०६ होती. उरलेल्या तिघांची अनुक्रमे ८५२, ४१४ व ८२८. म्हणजे सत्तर हजारांच्या काउंटीत २,०९४ लोकांकडे चारपैकी तीन आयुक्त होते. सर्वांत लहान विभागातील रहिवाशाचे प्रतिनिधित्व शहरातील रहिवाशाच्या सुमारे १६४ पट होते.

शहराचे माजी महापौर हँक एव्हरी यांनी यास आव्हान दिले. बचाव असा होता की आयुक्तांचे मुख्य काम ग्रामीण रस्ते व पूल यांचे आहे. शहरास स्वतःची नगरपालिका आहे. तेव्हा ग्रामीण भागास अधिक आयुक्त असणे स्वाभाविक होय. हा युक्तिवाद अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. लोकसंख्येच्या काटेकोर प्रमाणात विभाग पाडले तर चारही आयुक्त शहरातलेच होतील आणि दूरच्या शेतावरील माणसाचा खचलेला पूल पाहण्यास कोणी जाणार नाही, ही भीती खरी होती. विरोधी मत नोंदविणाऱ्या न्यायमूर्ती फोर्टस यांनी तिची दखल घेतली आहे. परंतु बहुमताच्या वतीने लिहिताना न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी दाखवून दिले की हेच मंडळ कराचा दर ठरविते, अंदाजपत्रक मंजूर करते, रोखे काढते आणि न्यायालय व तुरुंगाच्या इमारती सांभाळते. मंडळ ग्रामीण रस्त्यांकडेच लक्ष देत असेल तर तसे करण्याचा निर्णयही शहरी करदात्यास लागू होतो. इ.स. १९६८ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. राज्य विधिमंडळांना आधीच लागू झालेले 'एक व्यक्ती, एक मत' हे तत्त्व आता काउंटीच्या मंडळापर्यंत आले. या निकालाचा परिणाम देशभर झाला, कारण मिडलँडसारखे विभाग अन्यत्रही होते.

बर्क काउंटी : गाऱ्हाणे ऐकणारा कोण ?

मिडलँडमध्ये अन्याय विभागांच्या आकारात होता. जॉर्जिया राज्यातील बर्क काउंटीत विभागच नव्हते, आणि अन्याय नेमका त्यातून निर्माण झाला होता. इ.स. १९११ पासून तेथे पाच आयुक्तांचे मंडळ होते व पाचही जण संपूर्ण काउंटीतून निवडले जात. पेन्सिल्व्हेनियात सोयीची म्हणून जन्मलेली ही पद्धत दक्षिणेत निराळ्या कामास आली. काउंटीचे क्षेत्रफळ ८३१ चौरस मैल, म्हणजे ऱ्होड आयलंड राज्याच्या सुमारे दोन तृतीयांश. इ.स. १९८० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९,३४९ असून त्यांपैकी १०,३८५ कृष्णवर्णीय होते. निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय असूनही एकही कृष्णवर्णीय व्यक्ती कधी आयुक्त झाली नव्हती. इ.स. १९७८ मध्ये नोंदलेल्या ६,३७३ मतदारांत त्यांचे प्रमाण ३८ टक्के होते. मतदानकर, साक्षरता चाचणी व श्वेतवर्णीयांपुरत्या मर्यादित प्राथमिक निवडणुका यांनी जुन्या काळी त्यांना मतदारयादीबाहेर ठेवले होते, इ.स. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतरही ती दरी बुजली नव्हती. आणि मतदान वर्णानुसार होत असल्याने ३८ टक्के मतांतून पाचांपैकी एकही जागा मिळत नव्हती.

आठ कृष्णवर्णीय नागरिकांनी इ.स. १९७६ मध्ये दाखल केलेल्या या खटल्यात जिल्हा न्यायालयाने नोंदविलेले निष्कर्ष आयुक्त व नागरिक यांच्या संबंधांचा दस्तऐवज म्हणून मोलाचे आहेत. काउंटीच्या समित्यांवर कृष्णवर्णीयांची नेमणूक क्वचित होई. रस्ते पक्के करण्यात उघड भेदभाव होता. तक्रारी दूर करण्यास मंडळ इतके नाखूष होते की शाळा व महाचौकशी मंडळ यांतील वर्णविभाजन संपविण्यासाठीही लोकांना न्यायालयात जावे लागले. याउलट केवळ श्वेतवर्णीयांसाठी निघालेल्या एका खाजगी शाळेच्या स्थापनेत आयुक्तांचा हात होता, आणि त्या शाळेच्या वाद्यवृंदाचे गणवेश घेण्यासाठी त्यांनी सार्वजनिक पैसा दिला होता. ज्या मंडळाकडे एका वस्तीच्या रस्त्यासाठी पैसा नव्हता त्याच मंडळाकडे गणवेशांसाठी होता. आकडेवारीच्या अनेक पानांपेक्षा या एका तपशिलाने प्रस्तुत लेखकास अधिक सांगितले.

बर्क काउंटीत बैठकी बंद होत्या म्हणून हे घडले असे निकालात कोठे दिसत नाही. गाऱ्हाणी मांडली गेली होती. ती ऐकणाऱ्या पाच जणांपैकी कोणासही, ऐकले नाही तर आपली जागा जाईल, अशी भीती नव्हती. काउंटीचा प्रचंड विस्तारही आड येत होता. गरीब उमेदवाराने ८३१ चौरस मैलांत प्रचार करावा तरी कसा, आणि मतदाराने दूरच्या केंद्रावर जावे कसे, हा विचार न्यायालयाने केला आहे. १ जुलै १९८२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असे ठरविले की ही निवडणूक पद्धत मुळात तटस्थ हेतूने आली असली तरी ती भेदभावाच्या हेतूने टिकवून धरण्यात आली आहे. हाही निकाल न्यायमूर्ती व्हाइट यांनीच लिहिला. काउंटीचे पाच विभाग करून प्रत्येकातून एक आयुक्त निवडण्याचा आदेश कायम झाला. योगायोग असा की हेतू सिद्ध करण्याची अट शिथिल करणारी मताधिकार कायद्याची दुरुस्ती दोनच दिवस आधी, २९ जून १९८२ रोजी, अमलात आली होती. बर्कच्या नागरिकांना मात्र हेतू सिद्ध करूनच जिंकावे लागले.

ब्लेकली काउंटी : एकसदस्यीय आयुक्तपद :

विभाग पाडण्याने प्रश्न सुटतो असे मानावे तर जॉर्जियातीलच ब्लेकली काउंटीचे उदाहरण आड येते. तेथे मंडळच नव्हते. संपूर्ण काउंटीसाठी एकच आयुक्त होता. कायदे करणे आणि राबविणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे. माहिती देणारा तोच, गाऱ्हाणे ऐकणारा तोच, निर्णय घेणाराही तोच. एका माणसाचे विभाग पाडता येत नाहीत. काउंटीतील सुमारे एक पंचमांश लोकसंख्या कृष्णवर्णीय होती आणि एकाच जागेसाठीच्या निवडणुकीत तिला यश मिळण्याची शक्यता नव्हती.

इ.स. १९८५ मध्ये राज्य विधिमंडळाने ब्लेकलीस पाच विभागांतून निवडलेले आयुक्त व संपूर्ण काउंटीने निवडलेला अध्यक्ष असे मंडळ स्वीकारण्याची मुभा दिली. त्यासाठी सार्वमताची अट होती. इ.स. १९८६ मध्ये मतदारांनी हा प्रस्ताव फेटाळला. त्याच मतदारांनी शालेय मंडळासाठी पाच विभागांची तशीच योजना याआधी मान्य केली होती. शाळांच्या बाबतीत जे मान्य झाले ते रस्ते व कर यांच्या बाबतीत अमान्य झाले. एकच आयुक्त असला की कामाची जबाबदारी निश्चित राहते, हा युक्तिवाद गिल्बर्टसन यांच्या टीकेशी जुळणारा आहे आणि तो प्रामाणिकपणे मानणारे मतदारही तेथे असतील. परंतु ही जबाबदारी कोणाप्रती, हा प्रश्न उरतोच.

कृष्णवर्णीय मतदार न्यायालयात गेले. आयुक्तांची संख्या एकावरून पाच करावी, अशी त्यांची मागणी होती. इ.स. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिला नकार दिला. मंडळ किती सदस्यांचे असावे हे मोजण्यास कोणतेही वस्तुनिष्ठ परिमाण नाही. पाच मागितले तर दहा का नकोत, पंधरा का नकोत, असा न्यायमूर्ती केनेडी यांच्या विवेचनाचा रोख होता. मिडलँडमध्ये न्यायालयास सीमारेषा तपासता आल्या, बर्कमध्ये हेतू तपासता आला; ब्लेकलीत मोजण्यास काहीच नाही असे त्याने ठरविले. निकालानंतर ब्लेकलीतील शालेय मंडळ पाच विभागांचे राहिले आणि रस्त्याचे गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्या नागरिकासमोर पूर्वीप्रमाणेच एक आयुक्त राहिला.